अर्जुनाचा कंप आणि वडिलांची गोळी



शालान्त परीक्षेपलीकडे माझे शिक्षण नाही. वडिलांच्या हाताखाली पूजेची तयारी करिता करिता जे कानी पडले तीच माझी पुंजी. आज त्यांच्याच अनुज्ञेने त्यांच्याविषयी लिहीत आहे.

गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाची गात्रे गळतात, मुख कोरडे पडते, अंगास कंप सुटतो, गांडीव हातातून निसटते. भगवंतांनी प्रथम त्यास भ्याडपणाबद्दल टोचले खरे. परंतु त्याने गुण आला नाही. अर्जुन ‘लढणार नाही’ म्हणून स्तब्ध बसला. पुढे अठराव्या अध्यायापर्यंत त्यास समजावीत बसावे लागले. अर्जुनाचा विषाद हा रोग होता असे मी म्हणत नाही. प्रसंगच तसा होता. परंतु प्रसंग काही नसताही देह महिनोन् महिने असाच थरथरत राहिला, तर वैद्यक त्यास चिंताविकार म्हणते.

वडिलांना तोच जडला. काकड आरतीस उभे राहिले की छाती धडधडे, निरांजनाचे तबक हातात थरथरे. ‘देवाजवळ राहणाऱ्यास चिंता कसली?’ असे कोणी सहज बोलून गेले, आणि त्या एका वाक्यापायी त्यांनी वर्षभर घरातही तोंड उघडले नाही.

अखेर डॉक्टरांकडे नेले. त्यांनी आधी हृदय व थायरॉईड तपासले. थायरॉईडचा स्राव वाढला तरी अशीच धडधड होते. मग गोळी दिली व गुण यावयास काही आठवडे लागतील असे बजावले. गुण आलाही. परंतु नवरात्राचा उपवास म्हणून वडिलांनी गोळी आपल्या मनाने एकदम बंद केली! तिसऱ्या दिवशी घेरी, डोळ्यास डोळा नाही, मस्तकात विजेचे झटके. देवीने हे व्रत मागितले नव्हते. अशी गोळी थांबवावयाची ती डॉक्टरांना विचारून, मात्रा हळूहळू उतरवीत.

जोडीस मानसोपचार होता. ज्याचे भय, त्यासच थोडे थोडे सामोरे जावयाचे. प्रथम रिकाम्या सभामंडपात तबक घेऊन उभे राहणे, मग आम्हा दोघातिघांपुढे, मग आरतीस. मन वाऱ्याप्रमाणे आवरत नाही या अर्जुनाच्या तक्रारीवर सहाव्या अध्यायात भगवंत अभ्यास व वैराग्य सांगतात. त्यांतील अभ्यास म्हणजे काय, ते मला त्या रिकाम्या मंडपात कळले.

आहाराविषयीही तोच अध्याय बोलतो: अतिभोजन नको, उपाशी राहणेही नको. वडिलांचा सकाळचा उपाशीपोटी चहा सुटला. चहाकॉफीने धडधड वाढते. वेळेवर भाकरी, वरण, ताक पोटात जाऊ लागले. अन्नाने औषधास हातभार लागतो, अन्न औषधाची जागा घेत नाही. काढा घेणे असल्यास तोही डॉक्टरांच्या कानावर घालावा.

ज्यांस कोठे जावे हे उमगत नाही, त्यांच्यासाठी शासनाने 2022 साली ‘टेली मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. क्रमांक 14416, मराठीतही बोलता येते.

वडील पुन्हा काकड आरतीस उभे राहतात. तबक अजून कधीमधी थरथरते. तेव्हा मी नुसता शेजारी उभा असतो.