चि. ओंकारला, आत्याचं पत्र

चि. ओंकार,



परवा फोन ठेवला आणि रात्रभर तुझा आवाज कानात राहिला. प्रशिक्षकाची नोकरी लागली म्हणालास, पण सांगताना आनंद कमी नि थकवा जास्त होता. बाळा, अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणून चार वर्षं चेंडू तुझ्याच हातात यायचा. आता हातात कागद आणि डोक्यावर हेडसेट. हात रिकामे वाटणारच. मीही खो-खो सोडून शाळेत मुलींना शिकवायला लागले तेव्हा शिट्टी वाजवता वाजवता पाय आपोआप पाटीकडे धावायचे. वर्ष-दीड वर्ष लागतं रे, घाई करू नकोस.

इकडे सगळं ठीक. दारातल्या आंब्याला मोहोर आलाय. तुझ्या काकांचा गुडघा कुरकुरतो, पण सकाळचं फिरणं त्यांनी सोडलेलं नाही.

तुझ्या खोलीतलं क्वार्टरबॅक केलन मूरचं पोस्टर अजून आहे का? बॉयसीच्या त्या निळ्या मैदानावर तुझ्या बाबांनी मला नेलं होतं, तेव्हा तू त्याच्याबद्दल किती बोलला होतास! वॉशिंग्टन राज्यातल्या प्रॉसर नावाच्या लहानशा गावचा मुलगा, वडील तिथल्याच हायस्कूलचे प्रशिक्षक. बॉयसीच्या कॉलेजात त्याने 50 सामने जिंकले आणि फक्त 3 हरले, तेही तिन्ही मिळून 5 गुणांनी. एवढं करूनही 2012 साली व्यावसायिक संघांनी सात फेऱ्यांत खेळाडू निवडले, त्यात त्याचं नाव नाही. उंची कमी, हातात तेवढा जोर नाही म्हणे. डेट्रॉइटने नंतर घेतलं, तर तीन हंगामांत एकाही साखळी सामन्यात उतरवलं नाही. डॅलसकडून कसेबसे तीन सामने मिळाले आणि 2016 च्या सरावात पाय मोडला. तुला वाटतं ना, आपलं खेळणं लवकर संपलं? त्याचंही तसंच संपलं. 2018 मध्ये तो त्याच डॅलसमध्ये क्वार्टरबॅकना शिकवायला लागला आणि पुढच्या वर्षी, तिशीतच, ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे चढाई आखणारा, झाला. फेब्रुवारी 2025 मध्ये त्याने आखलेल्या चढाईवर फिलाडेल्फियाने न्यू ऑर्लीन्समध्ये 40-22 असा सुपर बोल जिंकला, आणि दोनच दिवसांत न्यू ऑर्लीन्सच्याच संघाने त्याला मुख्य प्रशिक्षक केलं. ज्याने तीन वर्षं नुसतं बसून खेळ पाहिला, त्याला बाकावरच्या पोराचं मन कळत असणार, असं मला आपलं वाटतं.

पण मला आठवतो तो 2010 चा नोव्हेंबर. मी तुमच्याकडे होते, तू आठ वर्षांचा. बॉयसीचा नेवाडाविरुद्धचा सामना. शेवटच्या काही सेकंदांत मूरने लांबलचक पास फेकून संघाला खांबांपुढे आणून ठेवलं. फक्त 26 यार्डांवरून किक मारायची होती. ती चुकली. जादा वेळेत 29 यार्डांवरून पुन्हा मारली, तीही चुकली, आणि नेवाडा 34-31 ने जिंकलं. घरात सगळे हळहळत होते. तू उशी पोटाशी धरून मला विचारलंस, "आत्या, तो किक मारणारा दादा आता घरी कसा जाईल?"

सोन्या, त्या रात्री मला झोप आली नाही. तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात माझ्या खो-खोच्या संघातली एक मुलगी खो मिळायच्या आधीच उठली. फाऊल झाला, हातातला गडी निसटला आणि आम्ही एका गुणाने हरलो. परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी दोन बाकं पुढे होते. मनात राग नव्हता, स्वतःचंच दुःख कुरवाळत होते, म्हणून उठले नाही. सोमवारी ती सरावाला आली नाही. नंतर कधीच आली नाही.

तूच सांगितलं होतंस, व्यावसायिक सामन्यात प्रशिक्षकाचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये जातो आणि घड्याळात 15 सेकंद उरले की आपोआप बंद होतो. पुढचं त्या पोराने एकट्याने निभावायचं. तेवढं एकटेपण खेळातच आहे, त्याला इलाज नाही. सामना संपल्यावरचं मात्र तुझ्या हातात आहे, राजा. हरलेल्या दिवशी फिल्म बघायला बसण्याआधी चुकलेल्या पोराशेजारी जाऊन बस. बोलायला सुचलं नाही तर नको बोलूस. पाण्याची बाटली दे. "आमच्या वेळी" असं मात्र त्या दिवशी चुकूनही म्हणू नकोस.

आणि ऑफिसातल्या कोचावर झोपतोस, ते तुझ्या आईने सांगितलंय मला. आठवड्यातून दोन रात्री तरी घरी जाऊन वरण-भात लाव. मेतकूट आणि भाजणी पाठवते आहे, तूप तिकडे मिळेल. जागरणाने माणूस चिडका होतो, आणि चिडक्या माणसाला शेजारी बसलेल्याचं रडू ऐकू येत नाही.

फोनवर तू म्हणालास, शनिवारी एका मुलाच्या हातून सोपा पास सुटला आणि तो कोणाशी न बोलता बसमध्ये जाऊन बसला. त्याचं नाव सांगायचं तू विसरलास. पुढच्या फोनला सांग.

तुझी,
आत्या