उजेड येतो कुठून?

प्रकाशयोजनाकाराकडे येणारे गिऱ्हाईक हल्ली मोबाइलमध्ये चित्र घेऊनच येते. भिंतीवरून मधाळ उजेड ओघळतो आहे, छत तरंगते आहे, जेवणाच्या टेबलावर नेमका एक सोनेरी कवडसा आहे. मिडजर्नीसारख्या साधनाला दोन ओळी लिहून दिल्या की असे चित्र मिनिटभरात मिळते. ‘सेम असंच करून द्या,’ एवढीच मागणी असते. चित्र जरा निरखून पाहिले, तर कधी खुर्चीची सावली डावीकडे पडलेली दिसते आणि फुलदाणीची उजवीकडे. भिंत उजळलेली असते, पण तिच्यावर तसा उजेड पाडायचा तर दिवा हवेत अधांतरी टांगावा लागेल. उजेड पडल्यावर खोली कशी दिसते, हे कृत्रिम बुद्धिमत्तेने असंख्य छायाचित्रांवरून उचलले आहे. तो आला कुठून, या प्रश्नाशी तिचे फारसे अडत नाही. प्रकाशयोजनेचे शिक्षण मात्र याच प्रश्नापासून सुरू होते.

हे शिक्षण तसे फार जुने नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्टॅन्ले मॅककँडलेस यांनी १९२०च्या दशकात रंगमंचीय प्रकाशयोजना शिकवायला घेतली आणि १९३२ साली आपली पद्धत पुस्तकात मांडली. रंगमंचाचे छोटे भाग पाडायचे, प्रत्येक भागावर दोन्ही बाजूंनी सुमारे ४५ अंशांतून दिवे मारायचे, एका बाजूचा रंग उबदार, दुसऱ्या बाजूचा शीतल. म्हणजे चेहऱ्याचे उंचसखल नीट दिसतात. आज हा आराखडा यंत्र चुटकीसरशी मांडून देईल. तो नियम आहे, आणि नियम यंत्राला चटकन येतो.

यंत्र आले म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. १९७५ साली ब्रॉडवेवरच्या ‘अ कोरस लाइन’ या संगीतिकेसाठी प्रकाशयोजनाकार थॅरन मसर यांनी क्यू, म्हणजे दिवे बदलण्याच्या सूचना, साठवून ठेवणारा संगणकी कन्सोल वापरला. त्याआधी मोठ्या प्रयोगाला डिमरचे दांडे ओढायला अनेक हात लागत. संगणकाने दांडे ओढण्याचे काम घेतले. कुठला दिवा कधी आणि का, हे ठरवणे मसर यांच्याकडेच राहिले.

आताचा पेच वेगळा आहे. नवे यंत्र हातांचे काम तर करतेच, पण शिकाऊ माणसाने जे करता करता शिकायचे, तेही परस्पर उरकून टाकते. त्यातले काय जाऊ द्यायचे आणि काय धरून ठेवायचे, हे शिकवणाऱ्यांना ठरवावे लागेल. टेबलावर ३०० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) मिळायला किती दिवे लागतील, हे पूर्वी विद्यार्थी कागदावर काढत. पुढे डायलक्ससारखे सॉफ्टवेअर आले आणि कागद सुटला. कुणाचे काही बिघडले नाही. आकडेमोड गेली तर जावी. शिवाय नांदेडच्या ज्या विद्यार्थ्याला सुसज्ज नाट्यगृह हाताळायला मिळत नाही, त्याला पडद्यावर का होईना, शंभर दिवे लावून पाहता येतात. ही लहान गोष्ट नाही.

पण सगळी हमाली टाकाऊ नसते. मराठी नाटकाचा दौरा पाहा. दादरच्या शिवाजी मंदिरात बसवलेली प्रकाशयोजना दोन दिवसांनी सांगलीला लावायची असते. तिथे दिवे टांगायच्या बारची उंची वेगळी, दिव्यांसाठीचे चॅनेल कमी, एखादा स्पॉट मरणपंथाला लागलेला. शिकाऊ पोरगा शिडीवर चढतो. खालून आवाज येतो, ‘थोडा खाली... अजून... बास, आता शटर दाब.’ नटाच्या जागी कुणाला तरी उभे केलेले असते. दिवा वीतभर सरकला की डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो आणि तोच माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसतो, हे पोराला शिडीवरून दिसते. चॅनेल कमी पडले की कुठला दिवा सोडायचा, यावर वाद होतो आणि त्या वादात प्रसंगाला खरोखर कशाची गरज होती ते उमगते. रात्री प्रयोगात हशा लांबतो, नट विराम वाढवतो, आणि क्यू देणाऱ्याचे बोट बटणावर थबकते. हे सारे पुस्तकात नाही आणि छायाचित्रांतही नाही.

पडद्यावर शिकण्यात आणखी एक अडचण आहे, ती डोळ्याची. भर दुपारच्या उन्हातले लाखभर लक्स आणि पौर्णिमेच्या चांदण्यातला जेमतेम पाव लक्स, दोन्हींत माणसाचा डोळा निभावून नेतो. मात्र काळोखाला पुरता सरावायला त्याला वीस-तीस मिनिटे लागतात. एवढा पल्ला मोबाइलच्या पडद्याला झेपत नाही. म्हणून अंधार किती राखायचा, हे पडद्यावर ठरत नाही. प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी १९५९ साली कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये उत्पल दत्तांच्या ‘अंगार’ या नाटकासाठी कोळशाच्या खाणीत चढणारे पाणी प्रकाशाच्या जोरावर उभे केले. अशा पाण्याची धास्ती बसते ती जे दिसत नाही त्यामुळे.

रंगाचेही तेच. दुकानातल्या एलईडीखाली पसंत पडलेली पैठणी आपल्याकडच्या बायका दारात नेऊन पुन्हा पाहतात. दिव्यावर विश्वास ठेवायचा नसतो, हे त्यांना पक्के ठाऊक असते. दिव्याची रंग दाखवण्याची कुवत मोजणाऱ्या सीआरआय या नेहमीच्या निर्देशांकात गडद तांबडा धरलेलाच नसतो. त्यामुळे कागदावर चांगले गुण मिळवलेल्या दिव्याखालीही कुंकू मळकट दिसू शकते. यंत्र निर्देशांक सांगेल. कुंकू मळकट दिसते आहे, हे कुणी तरी समोर उभे राहूनच सांगायचे असते.

म्हणून अभ्यासक्रमात यंत्र जरूर आणावे, पण क्रम ठरवून. आधी रिकामी खोली, एक नट, एक दिवा. दिवा समोरून, बाजूने, मागून, खालून मारायचा आणि दर वेळी काय दिसेनासे झाले ते लिहून काढायचे. मग यंत्राची चित्रे हाती द्यावीत आणि परीक्षेत विचारावे: या चित्रातला उजेड प्रत्यक्ष लावून दाखवा, लावता येत नसेल, तर का येत नाही ते सांगा. ज्याला हे जमेल, तो यंत्राकडून दहा पर्याय मागवून नऊ बिनदिक्कत फेकून देईल. ज्याला जमणार नाही, तो पहिलाच पर्याय गिऱ्हाइकाला दाखवून मोकळा होईल.

व्यवसायातही कसोटी हीच राहणार. जिन्यात पायरीची कड सावलीत बुडाली आणि एखादी आजी घसरली, किंवा रुग्णालयात खाटेवर पडलेल्याच्या डोळ्यांत छताचा दिवा रात्रभर घुसत राहिला, तर जाब यंत्राला कुणी विचारत नाही. आराखड्यावर सही करणाऱ्याला विचारतात. चित्र काढून देणे आता फुकटात होते. सही करण्याआधी त्या पायरीवर स्वतः उभे राहिलेल्या आणि त्या खाटेवर स्वतः आडव्या झालेल्या माणसालाच लोक यापुढे फी देतील, आणि ती द्यायलाही हवी.