विश्वाची गोष्ट लिहिणाऱ्याला काय सांगावे?

1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखक म्हणून नाव होते नारायण विनायक जगताप. ती लिहिली होती जयंत विष्णू नारळीकरांनी. नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली, आणि अक्षर कोणी ओळखू नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी कथा आपल्या हाताने उतरवून दिली. जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञाला आपल्या मराठी लेखनाबद्दल निखळ मत हवे होते, आणि त्यासाठी नाव लपवावे लागले.

यवतमाळ जिल्ह्यातल्या हौशी लेखकाला नाव लपवण्याची गरज नाही, कारण ते कोणाला ठाऊकच नसते. वणी, पुसद, घाटंजीकडचे निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, बी.एस्सी.ची मुलेमुली विश्वाच्या उत्पत्तीवर लिहितात. दिवाळी अंकाला, वर्तमानपत्राच्या पुरवणीला पाठवतात. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्याकडे अशी हस्तलिखिते येतात. त्यांना मिळणारा अभिप्राय बहुधा एका वाक्याचा असतो: ‘सर, छान लिहिलं.’ नाहीतर वही महिनोन्‌महिने टेबलावर पडून राहते. दोन्हींचा अर्थ एकच, ती कोणी वाचली नाही. माझ्या मते हा त्या लेखकाचा अपमान आहे. ज्याने रात्री जागून लिहिले, त्याला चूक दाखवून घेण्याचा हक्क आहे.

चुका बहुतेक ठरलेल्या जागी सापडतात. महास्फोट म्हणजे रिकाम्या अंधारात कुठेतरी एका ठिकाणी झालेला धमाका, असे चित्र जवळजवळ प्रत्येक वहीत असते. मग विश्वाला मध्य येतो, कडा येते, आणि कडेपलीकडे काय, हा प्रश्न येतो. इथे समासात ‘चूक’ एवढेच लिहून भागत नाही. अवकाश आधीपासून होते आणि त्यात पदार्थ उधळला गेला, असे हा सिद्धान्त सांगत नाही. अवकाशच ताणले जात आहे, आणि कोणत्याही दीर्घिकेतून पाहिले तरी दूरच्या दीर्घिका लांब जाताना दिसतील, हे दोन ओळींत लिहून द्यावे लागते. त्यानंतरच 1380 कोटी वर्षे वयाच्या विश्वात आपल्याला दिसणारी सीमा आज सुमारे 4600 कोटी प्रकाशवर्षांवर कशी, हे कोडे लेखकाला सुटते.

दुसरी जागा नाजूक आहे. अनेक लेखांचा शेवट ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताशी होतो: आपल्या ऋषींना हे ठाऊक होते. इथे टिंगल करणारा अभिप्राय निरुपयोगी असतो, कारण लेखकाची श्रद्धा खरी असते. मी एकच प्रश्न विचारतो: यातून कोणता आकडा निघतो? 1948 मध्ये अल्फर आणि हरमन यांनी तप्त आरंभाच्या कल्पनेवरून आजच्या विश्वात सुमारे 5 केल्विन तापमानाचे प्रारण उरले असावे, असे गणित मांडले. 1965 मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना असे प्रारण सापडल्याचे जाहीर झाले. आजचे मोजमाप 2.7 केल्विनचे आहे. सूक्तातली विनम्र शंका थोर आहेच. पण भाकीत करून मोजणीला सामोरे जाणे हे वेगळे काम आहे, आणि लोकविज्ञानाच्या लेखात ते दिसायलाच हवे.

अभिप्राय देणाऱ्यालाही एक पथ्य आहे. मतभेदाला चूक म्हणू नये. स्वतः नारळीकर फ्रेड हॉइल यांच्याबरोबर महास्फोटाच्या विरोधी बाजूला उभे राहिले. 1993 मध्ये त्यांनी हॉइल आणि बर्बिज यांच्यासह स्थिरवत् स्थिती सिद्धान्त मांडला. बहुसंख्य शास्त्रज्ञांना तो पटला नाही. तरीही तो विज्ञानच होता, कारण निरीक्षणांचा हिशेब देण्याची जबाबदारी त्यांनी टाळली नाही. यवतमाळचा एखादा लेखक महास्फोटावर शंका घेत असेल, तर त्याला गप्प करू नका; प्रारणाचा आणि हलक्या मूलद्रव्यांच्या प्रमाणाचा हिशेब मागा.

आणि चुकांच्या पलीकडे एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो: उसनी चित्रे सोडा, आपले आकाश लिहा. कापूस वेचणीच्या दिवसांत, अमावास्येच्या सुमारास, गावाच्या दिव्यांपासून दूर शेतात उभे राहिले की देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांना धूसर ठिपक्यासारखी दिसते. तिचा प्रकाश 25 लाख वर्षांपूर्वी निघाला आहे. ‘सर्व दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत’ असे लिहिणाऱ्याच्या डोक्यावरची ही दीर्घिका मात्र सूर्यमालेकडे सेकंदाला सुमारे 300 किलोमीटर वेगाने येत आहे. 1912 मध्ये व्हेस्टो स्लायफर यांनी तिच्या वर्णपटावरून हे ओळखले. जवळच्या दीर्घिकांवर परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाची पकड असते. प्रसरण दिसते ते फार मोठ्या अंतरांवर. एवढ्या एका दुरुस्तीने लेख बदलतो, कारण लेखकाला आता स्वतःच्या शेतातून सांगण्यासारखे काही मिळालेले असते.

जिल्ह्यातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. अशी वही आली तर पेन्सिल घेऊन बसा. काय चुकले, कशाला आधार नाही आणि कोणता परिच्छेद उत्तम उतरला, हे पानाच्या क्रमांकासह लिहा, खाली सही करा, आणि वही महिन्याच्या आत परत द्या.