अर्धी राहिलेली गोधडी

अर्धी शिवलेली गोधडी ज्या घरात नाही, असे घर आपल्या धर्मग्रामात शोधावे लागेल. कपाटाच्या वरच्या फळीवर, पलंगाखालच्या पेटीत, नाहीतर माळ्यावरच्या बोचक्यात ती असते. सुई तिच्यातच टोचून ठेवलेली असते आणि दोन पावसाळे गेले की त्या जागी गंजाचा डाग पडतो. नात होणार म्हणून ती शिवायला घेतलेली असते. नात आता पहिलीत जाते. विचारले तर उत्तर ठरलेले: काय करणार, वेळच मिळत नाही.

हे उत्तर खरे आहे का? आणि खरे असेल, तर त्या अर्ध्या गोधडीचे आपण काही देणे लागतो का? गेले काही महिने आमच्यात या प्रश्नावर बोलणे चालू आहे. आम्ही म्हणजे रविवारी दुपारी एकत्र बसून गोधड्या पुऱ्या करणाऱ्या आपल्याच धर्मग्रामातल्या नऊ जणी. आमच्यात वाडीत राबणाऱ्या आहेत, पहाटेची गाडी धरून दादरला फुले नेणाऱ्या आहेत, शाळेत शिकवणाऱ्या आहेत, नातवंडे सांभाळणाऱ्या आहेत. रिकामी कुणीच नाही.

प्रथम साधा हिशेब मांडू. एका माणसाच्या पांघरुणाची गोधडी सहा फूट लांब आणि चार फूट रुंद धरली आणि धावदोऱ्याच्या ओळी बोटभर अंतरावर घातल्या, तर साधारण ६० ओळी होतात. सहा फुटांची एक ओळ बेताच्या हाताने अर्ध्या तासात होते. म्हणजे ३० तास. जुने कापड धुणे, उसवणे, तुकडे जोडणे, थर सारखे करून कच्चे टाके घालणे, यासाठी आणखी दहा धरा. एकूण ४० तास. रोज अर्धा तास दिला तरी तीन महिन्यांच्या आत गोधडी अंगावर येते. टीव्हीवरच्या मालिकेचा एक भाग अर्ध्या तासाचाच असतो, आणि मोबाईल हातात घेतला की अर्धा तास कुठे गेला ते कळतही नाही. हे आम्हा बायकांना दुसऱ्या कुणी सांगायला नको.

मग घोडे अडते कुठे? आमच्या मते, आपण सलग वेळेची वाट पाहत बसतो. नाताळ झाला की बसू, मुलांच्या परीक्षा संपल्या की बसू, लग्नसराई उरकली की बसू. तशी सलग दुपार संसारी माणसाला वर्षातून दोनदा मिळाली तरी पुष्कळ. गोधडीला मात्र तिची गरजच नाही. भात शिजेपर्यंत अर्धी ओळ होते. शिवण कुठेही थांबवता येते आणि जिथे थांबली तिथून उचलता येते. स्वयंपाकाचे किंवा हिशेबाचे तसे नसते. शिवाय हात गुंतलेले असले तरी कान मोकळे राहतात. आजाऱ्याच्या उशाशी बसून शिवता येते, मुलाची कविता म्हणून घेता येते. जवळच्या माणसाला आपण टाळतो आहोत असे त्याला वाटत नाही.

इथे आमच्यातल्याच एका ज्येष्ठ बाईंनी हरकत घेतली, आणि ती आम्हाला महत्त्वाची वाटते. त्या म्हणाल्या, "आमच्या आया-आज्यांनी अशाच फुटकळ वेळात गोधड्या शिवल्या, पण ते कौतुकाने सांगू नका. सगळ्यांची जेवणे झाल्यावर रॉकेलच्या दिव्याखाली त्या बसत, कारण तो एवढाच वेळ कुणी मागत नसे. डोळे गेले त्यांचे." हे खरे आहे. लाल चौकड्यांचे लुगडे विरले की त्याची वाकळ होई, वाकळ विरली की तिचे पायपुसणे होई. थंडीत मुलांना पांघरायला दुसरे काही नव्हते म्हणून ते सारे चाले. त्यात आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता.

आज बाजारात ब्लँकेट सहज मिळते. गोधडीवाचून कुणी कुडकुडत नाही. म्हणूनच आपला प्रश्न आजीच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे. गरज नसलेल्या कामासाठी आपण घराकडून वेळ मागावा का?

आमचे उत्तर, मागावा असे आहे. आणि मागूनच घ्यावा, झोपेतून चोरू नये. घरातला कर्ता पुरुष क्रिकेटचा सामना पाहत असला तर त्याला कुणी उठवत नाही. मुलगा अभ्यासाला बसला तर दार लोटून घेतले जाते. बाई सुई घेऊन बसली की मात्र ती "बसलेलीच" आहे असे धरले जाते. पाणी दे, दार उघड, माझी पँट कुठे आहे. एका ओळीत चार वेळा उठावे लागले की ती ओळ वाकडी जाते, आणि चौथ्या दिवशी बोचके माळ्यावर जाते. तेव्हा वेळ मिळत नाही या वाक्यात कधीकधी आळस असतो, पण पुष्कळदा अन्यायही असतो, आणि तो करणारी माणसे आपल्या प्रेमाचीच असतात. आमच्यातल्या एकीने घरी सांगून टाकले की रात्री साडेआठ ते नऊ मी कुणाची नाही. पहिला आठवडा घर फुगून बसले. दुसऱ्या आठवड्यात सासरे स्वतः उठून पाणी पिऊ लागले आणि तिसऱ्या आठवड्यात ते सुईत दोरा ओवून देऊ लागले. त्यांची नजर अजून तिच्यापेक्षा चांगली आहे!

रविवारचा प्रश्नही आम्हाला विचारला गेला. आमच्या आज्या रविवारी सुईला हात लावत नसत. चर्चच्या १९१७ सालच्या कायदेसंहितेत रविवारी अंगमेहनतीची कामे वर्ज्य होती आणि शिवण त्यातच धरले जाई. १९८३ सालच्या संहितेतील कलम १२४७ चा भर वेगळा आहे: उपासनेच्या, प्रभूच्या दिवसाच्या आनंदाच्या, मनाच्या व शरीराच्या विश्रांतीच्या आड जे येते ते टाळावे. मग गोधडी ही मेहनत की विश्रांती? ते हातावर नाही, माणसावर अवलंबून आहे असे आम्हाला वाटते. आठवडाभर वर्गात ओरडून घसा बसलेल्या बाईला ती विश्रांती आहे. पण आमच्यात एक जण नगावर शिलाई करते. सोमवार ते शनिवार ती मशीनवर असते. रविवारी ती आमच्याबरोबर बसते, पण एकही टाका घालत नाही. ती चहा करते, गावभरच्या गोष्टी सांगते, आम्हाला हसवते. तिला कुणी सुई देत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अर्धी गोधडी हे देणे आहे का? कापडाचे आपण काही देणे लागत नाही. "हाती घेतलेले तडीस न्यावे" हे मुलांना शिकवायला ठीक आहे, पण नुसत्या त्या तत्त्वासाठी रात्री जागवणाऱ्या बाईला आम्ही शहाणी म्हणणार नाही. देणे असलेच तर ते माणसाचे असते. ज्याला आपण "तुझ्यासाठी शिवते आहे" असे सांगितले, त्याचे. आणि तिथे आपल्या सवडीचे घड्याळ चालत नाही, त्याचे चालते. बाळाचे दुपटे बाळ दोन महिन्यांचे असतानाच हवे. म्हातारीची गोधडी या थंडीत हवी. पुढच्या थंडीचा कुणाचा भरवसा?

आमच्यातल्या एकीने सासूबाईंसाठी त्यांच्याच साड्यांची गोधडी घेतली होती. निम्म्याहून अधिक काम बाकी असताना डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले. त्या रविवारी आम्ही चौघी चार बाजूंना बसलो. बोटभर अंतराच्या ओळी चार बोटांवर नेल्या. सोमवारी रात्री उशिरा काठ मुडपून झाला आणि मंगळवारी गोधडी त्यांच्या अंगावर होती. ती त्यांनी १९ रात्री पांघरली. त्या हातानेच काठ चाचपून कोणती साडी कुठल्या लग्नातली ते सांगत. टाके मोठे होते, एक कोपरा आवळला गेला होता. शिवणात जाणकार असलेल्या एका नातलग बाईंनी ते बोलूनही दाखवले.

त्या बाई पूर्णपणे चुकीच्या होत्या असेही आम्ही म्हणणार नाही. उरकून टाकणे हाच नियम केला तर शिवायचे तरी कशाला? उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या रानात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले, पुष्कळसे पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात. काही तिथून पळून घाटावर गेले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि आपल्यासारखे कॅथॉलिकही आहेत. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची 'कवंद' नावाची गोधडी शिवतात. काठापासून सुरुवात करून फेऱ्या घेत मध्यापर्यंत जातात, आणि चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुले लावतात. ती फुले ऊब देत नाहीत. पण ती नसतील तर गोधडी उघडी, नागडी आहे असे त्या मानतात. त्या बायका शेतात मजुरी करतात; आपल्यापेक्षा त्यांना सवड अधिक आहे असे कोण म्हणेल? तरी त्यांना फुलांचा वेळ वाया गेलासा वाटत नाही. तेव्हा घाई कुणासाठी करावी आणि फुले कुणासाठी लावावीत, हे प्रत्येक गोधडीपुरते नव्याने ठरवावे लागते. आम्हाला याचा एकच नियम करता आलेला नाही.

काही बोचकी मात्र सोडून द्यावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या भाच्यासाठी गोधडी घेतली तो कॅनडात जाऊन स्थायिक झाला, तिथे त्याच्या घरात भिंतीतून ऊब येते, आणि त्याला गोधडीची आठवणही नाही. अशी गोधडी दर वर्षी बाहेर काढून, तिच्याकडे पाहून उसासा टाकून पुन्हा ठेवण्यात कुणाचेच भले नाही. उसवा, कापड ज्याला हवे त्याला द्या. आणि जोवर जुने बोचके आहे तोवर नवे कापड घेऊ नये. दुकानातून कापड आणले की काम पुढे सरकल्यासारखे वाटते; सरकलेले काहीच नसते. शिवाय नवे कोरे कापड जुन्याला जोडले तर पहिल्या धुण्यात ते आटते आणि जुने फाटते. शुभवर्तमानातला तो ठिगळाचा दाखला शिवणाऱ्या बाईला समजावून सांगावा लागत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत यापोच्या टबीथेची हकिकत आहे. ती वारली तेव्हा गावातल्या विधवा रडत पेत्राजवळ आल्या आणि तिने शिवलेले कपडे त्याला दाखवू लागल्या. त्यांनी दाखवले ते सगळे पुरे झालेले कपडे होते. पण इतक्या जणींसाठी शिवणारी बाई एकाएकी आजारी पडली, तर तिच्या खोलीत काही अर्धवट राहिलेलेही असणारच. त्याचा उल्लेख नाही. ती पुन्हा उठून बसली एवढे सांगितले आहे. पुढे तिने ते पुरे केले का, हे कुणी लिहून ठेवले नाही.

गेल्या वर्षी आपल्या धर्मग्रामातल्या एक आजी वारल्या. त्यांच्या पेटीत सात गोधड्या निघाल्या, सातही अर्ध्या, आणि प्रत्येकीवर टाचणीने लावलेल्या कागदावर एकेका नातवंडाचे नाव. त्यांच्या लेकीने ती पेटी आमच्याकडे आणून ठेवली. तिने एवढेच विनवले की आईचे टाके उसवू नका. त्यांचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा होता. आमच्यापैकी कुणाचाच तितका बारीक येत नाही. त्यामुळे त्यांची शिवण कुठे संपली आणि आमची कुठे सुरू झाली ते कुणालाही दिसते. सातपैकी चार झाल्या आहेत. पाचवीच्या २२ ओळी उरल्या आहेत. जिला सवड असेल तिने रविवारी तीन वाजता यावे. सुई आमच्याकडे आहे, चष्मा मात्र आपापला आणावा.