सुट्टीला देव लागतो का?

नागपूरला समुद्र नाही. झिरो माइलचा दगड मिरवणाऱ्या या शहरातून कुठलाही किनारा गाठायचा तर आख्खी रात्र गाडीत काढावी लागते. त्यामुळेच की काय, इथल्या माणसाला पाण्याची भारी ओढ. संध्याकाळ झाली की फुटाळ्यावर गर्दी, रविवारी खिंडसी, हात जरा सैल असेल तर गोवा नाहीतर अंदमान. अलीकडे दिवाळीच्या सुट्टीच्या बेतांत ग्रीसमधली सँटोरिनी आणि मिकोनोस ही बेटंही ऐकू येऊ लागलीत. पांढरी घरं, निळे घुमट, खाली एजियन समुद्र. असा बेत घरात निघाला की एखादी आजी हमखास विचारते, "तिथं देव कोणता हाय रे बाप्पा?" नातवंडं हसतात. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आजीच्या पिढीला घराबाहेर पडायला देवाची सबब लागायची. शेगाव, माहूर, पंढरपूर. मौज करायला मनाई होती असं नाही, फक्त ती देवाच्या आडून करायची. रामटेक हे त्याचं अस्सल उदाहरण. गडावर जाऊन रामाचं दर्शन घ्यायचं, हातातला नारळ माकडांपासून वाचवत पायऱ्या उतरायच्या आणि दुपारी खिंडसीला बोटीत बसायचं. त्याच वेळी पायथ्याच्या अंबाळा तलावाकाठी कुणीतरी आपल्या माणसाचं पिंडदान करत असतं. एका गावात, एका दिवशी हे सगळं चालतं आणि कुणाला काही खटकत नाही. तेव्हा भक्ती आणि मौज यांचं वैर आहे, हे गृहीतकच तपासून पाहायला हवं.

ग्रीक बेटांवर देवांची कमतरता कधीच नव्हती. मिकोनोसहून बोटीने अर्ध्या तासात डेलोस येतं. अपोलोचा जन्म इथला, अशी प्राचीन ग्रीकांची श्रद्धा. इसवीसनपूर्व पाचव्या शतकात अथेन्सकरांनी या बेटाची शुद्धी केली: जुनी थडगी उकरून शेजारच्या रिनिया बेटावर हलवली आणि यापुढे डेलोसवर कुणी जन्मायचं नाही, कुणी मरायचं नाही, असा नियम घातला. दिवस भरलेल्या बाईला आणि शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाला होडीत घालून रिनियाला न्यायचं! आजही पर्यटकाला डेलोसवर मुक्काम करता येत नाही. कारण आता पुरातत्त्वाचं आहे, पण संध्याकाळच्या आत बेट सोडावंच लागतं.

या बेटाच्या यात्रेने तत्त्वज्ञानाच्या इतिहासात एक विलक्षण काम केलं. अथेन्सहून दरवर्षी अपोलोसाठी डेलोसला एक जहाज जाई. पुजाऱ्याने जहाजाला माळ घातली की ते परत येईपर्यंत शहरात कुणाला देहदंड द्यायचा नाही, असा दंडक होता. इसवीसनपूर्व 399 मध्ये सॉक्रेटिसचा खटला उभा राहिला, त्याच्या आदल्याच दिवशी ती माळ पडली होती. त्यामुळे शिक्षा झाल्यावरही तो सुमारे महिनाभर तुरुंगात जिवंत राहिला. मित्र भेटायला येत, वादसंवाद होत आणि हा गृहस्थ इसापाच्या गोष्टी पद्यात बसवत बसे. गंमत अशी की सॉक्रेटिस स्वतः पक्का घरकोंबडा. लष्करी मोहिमा आणि एखादी जत्रा सोडली तर त्याने अथेन्स सोडलं नाही, असं प्लेटो सांगतो. दुसऱ्यांच्या यात्रेने त्याला महिनाभराचं आयुष्य मिळालं.

यावरून तीर्थाची एक व्याख्या करता येईल. तीर्थ येणाऱ्याला अट घालतं: इथं मरू नका, चपला बाहेर काढा, जहाज परतेपर्यंत कुणाला मारू नका. सुट्टीच्या ठिकाणी उलटं असतं. तिथं येणारा अटी घालतो: खोली समुद्राकडची हवी, आंघोळीला गरम पाणी हवं, जेवण शुद्ध शाकाहारी हवं.

व्याख्या सुबक आहे, पण डेलोसनेच तिला तडा दिला. इसवीसनपूर्व 166 च्या सुमारास रोमनांनी बेटाला करमुक्त बंदर केलं आणि तिथं गुलामांचा प्रचंड बाजार उभा राहिला. एका दिवसात दहा हजार गुलाम घेण्याची आणि रवाना करण्याची तिथं सोय होती, असं भूगोलकार स्ट्रेबो लिहितो. ज्या जमिनीला जन्म-मृत्यूचा विटाळ चालत नव्हता, तिला माणसांची विक्री चालत होती. आपण नाक मुरडण्याचं कारण नाही. चोखोबांना विठ्ठलाच्या दारात पायरीपाशीच थांबावं लागलं आणि ते दार दलितांना उघडण्यासाठी 1947 मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे नुसत्या अटी पुरत नाहीत. त्या कुणावर घातल्या आणि कुणाला वगळून घातल्या, हेही विचारावं लागतं.

आताच्या ग्रीसमध्ये दोन्ही तऱ्हा शेजारीशेजारी नांदतात. टिनोस बेटावर 1823 मध्ये मेरीमातेचं एक चित्र जमिनीत सापडलं. दर 15 ऑगस्टला तिथं मोठी यात्रा भरते. बंदरापासून चर्चपर्यंतच्या चढावर रस्त्याच्या कडेने गालिच्याची पट्टी अंथरलेली असते आणि नवस बोललेल्या बायका तिच्यावरून गुडघ्यांनी रांगत वर जातात. लोटांगणं पाहिलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

सँटोरिनीची कथा वेगळी. वस्ती जेमतेम पंधरा हजारांची, आणि 2023 मध्ये सुमारे 34 लाख लोक येऊन गेले. बेटावर गोडं पाणी नसल्यातच जमा, समुद्राचं खारं पाणी शुद्ध करून भागवावं लागतं, तरी हॉटेलांत पोहण्याचे तलाव. फोटोतले ते निळे घुमट बहुतेक चर्चचे, आणि फोटोसाठी लोक त्यांच्यावरही चढतात. ही तुमची सुट्टी असेल, पण आमचं हे घर आहे, अशा अर्थाच्या पाट्या गावकऱ्यांनी लावल्या. 2025 पासून क्रूझने येणाऱ्यांवर दिवसाला आठ हजारांची मर्यादा आली, भर हंगामात माणशी वीस युरोंचा आकारही आला. देवाने घालायची अट शेवटी नगरपालिकेने घातली म्हणायची.

नागपूरकराला हे लांबचं वाटत असेल तर कुही तालुक्यातलं आंभोरा आहेच. वैनगंगा, कन्हान, आंब अशा पाच नद्यांचा संगम, टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ, आणि मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथेच लिहिला, ही इथल्यांची श्रद्धा (आंबेजोगाईकर ती मान्य करणार नाहीत). गोसीखुर्द धरणाचं पाणी मागे फुगलं आणि संगमाचा सागर झाला. आता तिथं तारांनी तोललेला दिमाखदार पूल आहे, वर उभं राहून पाणी न्याहाळायला गॅलरी आहे. रविवारी गाड्यांची रांग लागते. दृश्य खरोखर सुंदर आहे. त्या सुंदर पाण्याखाली लोकांची गावं आणि शेतं आहेत, हे गॅलरीतून दिसत नाही. गडावर, संगमावर निदान हात तरी जोडले जातात. बुडालेल्या गावापाशी काय करायचं, याचा विधी कुठल्याच पोथीत नाही.

पोथीत नसलेला विधी शोधणारा एक माणूस मात्र विदर्भातच होऊन गेला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. तीर्थाला जायचे ते खराटा घेऊन. देवळापेक्षा त्यांची नजर बाहेरच्या उकिरड्यावर आणि उघड्यावर झोपलेल्या यात्रेकरूवर. पंढरपूरला त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. चोखोबा ज्या गावात पायरीशी अडले, त्याच गावात त्यांच्या नावाने छप्पर उभं राहिलं.

दसऱ्याला नागपुरातली काही कुटुंबं विमानतळाकडे निघतात, तेव्हा लाखो माणसं उलट दिशेने शहरात शिरत असतात. 14 ऑक्टोबर 1956 ला, विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या अनुयायांना 22 प्रतिज्ञा दिल्या. दीक्षाभूमीवर येणारा समुद्राकडची खोली मागत नाही. महापालिकेच्या शाळेत, मांडवात, फुटपाथवर चादर पसरतो. जागोजागी फुकट जेवण वाढणारे स्टॉल असतात, आणि झुंबड उडते ती पुस्तकांच्या दुकानांवर. मळक्या पिशवीतून मोजून काढलेल्या नोटा, त्याबदल्यात 'बुद्ध आणि त्याचा धम्म'ची एखादी प्रत. या जागेची अट संध्याकाळी संपत नाही. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही: तीर्थावर घेतलेलं हे सगळं पाळायचं असतं ते गावी, परतीची गाडी सुटल्यावर. सँटोरिनीहून परतणाऱ्याच्या सामानात असं काही असू नये, असा नियम कुठेच नाही.