घर कोणाच्या नावावर?

'घर कोणाच्या नावावर आहे?' हा प्रश्न आपल्याकडे सोयरीक जुळवताना विचारला जातो, बँकेत कर्ज मागताना विचारला जातो, आणि घरातील वडीलधारे माणूस देवाघरी गेले की महिन्याच्या मिस्सेनंतर दबक्या आवाजात पुन्हा विचारला जातो. प्रश्न लहानसाच, परंतु 'नावावर असणे' म्हणजे नेमके काय, याचा विचार आपण फारसा करीत नाही. नाव लागले की मालकी आली, असे आपण धरून चालतो. कायदा तसे मानीत नाही, आणि आपली श्रद्धा तर मुळीच मानीत नाही.

मानपाडा या नावाची दोन ठिकाणे आपल्या ठाणे जिल्ह्यात आहेत. एक ठाणे शहरात घोडबंदर मार्गावर, दुसरे डोंबिवलीच्या पूर्वेस कल्याण-शीळ मार्गालगत. पाडा म्हणजे लहानशी वस्ती. आज दोन्हीकडे उंच इमारतींच्या रांगा उभ्या आहेत, आणि वसईतून, गोव्यातून, मुंबईच्या चाळींतून आलेली कितीतरी ख्रिस्ती कुटुंबे तेथे राहतात. जमीन तीच राहिली, तिच्यावरील हक्काचे कागद मात्र बदलत गेले. १९४८ च्या कुळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. पुढे १९६६ च्या जमीन महसूल संहितेने जमीनधारकाला जे नाव दिले, ते 'मालक' नव्हे. सातबाऱ्यावर आजही 'भोगवटादार' असाच शब्द असतो. शिवाय सातबारा वा फेरफार ही महसुलाची नोंद होय, केवळ तिने मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे.

शेताच्या जागी इमारत आली, तेव्हा १९६३ चा ओनरशिप फ्लॅटचा कायदा लागू झाला. पागडीच्या खोलीत आयुष्य काढलेल्या माणसाला 'ओनरशिप' या शब्दाने केवढा आधार दिला! तथापि बहुतेक इमारतींची पुढे १९६० च्या कायद्याखाली सहकारी गृहनिर्माण संस्था होते. जमीन व इमारत या संस्थेच्या नावे व्हावयाची असते आणि आपल्या हाती येते ते भागपत्र, म्हणजे पन्नास-पन्नास रुपयांचे पाच-दहा भाग, आणि त्यांच्या जोडीने आपल्या सदनिकेत राहण्याचा हक्क. अनेक विकासकांनी जमीन वर्षानुवर्षे संस्थेच्या नावे केलीच नाही, म्हणून २००८ च्या दुरुस्तीने 'मानीव अभिहस्तांतरणा'ची सोय करावी लागली. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली सदनिका स्वतःची असते खरी, पण जमीन, जिना व पाण्याची टाकी यांतील हिस्सा अविभक्तच राहतो. सारांश, कोणत्याही रीतीने घर घेतले तरी शेजाऱ्याला वगळून ते आपले होत नाही.

या सर्व कागदांत एक कागद आपल्या घरांत सर्वाधिक गैरसमज निर्माण करतो. तो म्हणजे नामनिर्देशनाचा अर्ज, ज्याला आपण 'नॉमिनेशन' म्हणतो. बाप थोरल्या मुलाचे नाव देतो. बापाच्या पश्चात मुलाला वाटते, घर आपले झाले. सोसायटीलाही तसेच वाटते, आणि पुष्कळदा आईलाही. वस्तुतः नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांसाठी मालमत्ता सांभाळणारी असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्या राज्याच्या सहकार कायद्याने तर स्पष्टच म्हटले आहे की, खरे वारस ठरेपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती केवळ तात्पुरती सभासद होय. कंपन्यांच्या भागांविषयीही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हेच तत्त्व मान्य केले.

मग वारस कोण? आपणा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता माणूस वारला, आणि मागे पत्नी व मुले असली, तर पत्नीस एक-तृतीयांश आणि उरलेले दोन-तृतीयांश सर्व मुलांना सारखे मिळते. मुलगा आणि मुलगी असा भेद तेथे नाही. केरळातील त्रावणकोर भागात मात्र १९१६ च्या जुन्या कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी ते मिळे. मेरी रॉय यांनी त्याविरुद्ध लढा दिला आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात न्याय मिळवला. आपल्याकडे असा लढा द्यावा लागला नाही. कदाचित म्हणूनच आपल्या मुलींना आपला हक्क ठाऊक नसतो.

हे काही आजचे दुखणे नव्हे. जुन्या करारातील गणना या पुस्तकात सलाफहादच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाच्या वतनात हिस्सा मागतात. मोशे तो प्रश्न परमेश्वरापुढे ठेवतो, आणि मुलींचे म्हणणे रास्त ठरते. लूकच्या शुभवर्तमानात एक मनुष्य भावाकडून वाटणी मिळवून देण्याची विनंती प्रभू येशूला करतो. प्रभू न्यायाधीश होण्याचे नाकारतो आणि लोभापासून सावध करतो. हा इशारा हक्क मागणाऱ्याइतकाच हक्क दाबून बसणाऱ्यालाही आहे.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. ज्या मुलाने आईबापांचे आजारपण काढले, कर्जाचे हप्ते भरले, त्याचा आणि दूर राहिलेल्या भावंडांचा हिस्सा सारखा कसा? आक्षेपात तथ्य आहे. न्याय म्हणजे केवळ भागाकार नव्हे. परंतु त्यासाठीच कायद्याने मृत्युपत्राचा मार्ग ठेवला आहे. बापाने हयातीतच, सर्व मुलांना बोलावून, कोणाला काय व का देतो हे सांगावे. बहिणीलाही आपला हिस्सा भावाला देता येतो. पण 'येथे फक्त सही कर' म्हणून हक्कसोडपत्र पुढे सरकवले गेले, तर त्या सहीला दान म्हणता येणार नाही. आपण काय सोडतो आहोत हे जिला ठाऊकच नाही, तिने काही दिले असे कसे म्हणावे? आणि 'तिला लग्नात दिले की' हे उत्तर हिशेब न मांडताच हिशेब मिटवण्यासारखे आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी खाजगी मालकी योग्य ठरवली. पण वस्तूंचा उपयोग मात्र त्या सर्वांच्या आहेत असे समजून करावा, असेही सांगितले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या परिपत्रकात, प्रत्येक मालमत्तेवर एक सामाजिक गहाण आहे, असा विचार मांडला. गृहकर्ज फेडणाऱ्या आपल्या कुटुंबांना गहाण म्हणजे काय, हे समजावून सांगायला नको. बँकेचे गहाण वीस वर्षांत सुटते. हे दुसरे गहाण मात्र कधीच सुटत नाही, आणि त्याचा पहिला हप्ता आपल्याच घरातील विधवा आईला आणि विवाहित बहिणीला द्यावयाचा असतो.

देवाच्या दृष्टीने पाहिले तर आपण सारेच नामनिर्देशित आहोत. आपले नाव लागले आहे ते ज्याचे त्याला पोहोचेपर्यंत सांभाळण्यासाठी, कारभारी म्हणून. मानपाड्याच्या भोगवटादारांची नावे गेली, त्यांच्या जागी आपली आली, आणि उद्या आपल्या जागी दुसरी येतील. तोवर ज्यांची नावे कागदावर नाहीत, पण हक्क आहे, त्यांना तो आपण होऊन सांगणे, एवढे तरी प्रत्येक घरात होऊ शकते.