त्याच चालीवरचं उत्तर
१९५२ साली अमेरिकेत हँक थॉम्पसनचं एक कंट्री गीत घरोघरी वाजत होतं. संसार मोडला, बायको दारूच्या गुत्त्यांतल्या झगमगाटात रमली, दोष सगळा तिचा, असा त्याचा सूर. त्याच चालीवर उत्तर लिहिलं गेलं आणि ते नॅशव्हिलमध्ये किटी वेल्सनं गायलं. बत्तिशीची, लेकुरवाळी बाई. ध्वनिमुद्रणाचे १२५ डॉलर मिळतील म्हणून तयार झाली.

गाण्यातली बाई ज्यूकबॉक्सवर ते पहिलं गाणं ऐकत बसलेली असते. तिला आपले विश्वासानं नांदण्याचे दिवस आठवतात. लग्न झालेले पुरुष एकटे असल्याचं भासवत फिरतात, तर मग शब्द आधी मोडला कुणी? तिचा आवाज चढत नाही, गहिवरत नाही. सरळ, किंचित नाकातला सूर. मला तो संयमच जास्त भिडतो.

एनबीसी रेडिओनं या गाण्याला मनाई केली. शब्द मोडणारा मोकळा, आणि बोलून दाखवणारीवर बंदी! याचं मला आजही वाईट वाटतं. तरी लोकांनी ते उचलून धरलं. सहा आठवडे ते बिलबोर्डच्या कंट्री यादीत अव्वल होतं. एकट्या गायिकेला तिथं तो मान पहिल्यांदाच मिळत होता.

ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून ते पुन्हा लावणारी एखादी बाई मला दिसते. समोरची कॉफी निवत चाललेली.